खानदेशांतील मध्यम शेतकरी आणि आजारपणाचा खर्च

शेतीच्या धंद्यांत नुकसान कशानें येतें असें विचारिलें, तर आमचे वाचकबंधु पावसाचा खंड, केळीच्या बागेंत शिरलेलें वादळ, कपाशीवरील गुलाबी बोंडअळी आणि पडलेला बाजारभाव हीं कारणें एका दमांत सांगतील. घरांतील मोठें आजारपण त्या यादींत सहसा येत नाहीं. वास्तविक पाहतां तेंहि त्याच यादींत, आणि वरच्या ओळींत, लिहिलें पाहिजे. एका हंगामाचें पीक गेलें तरी जमीन मागें राहते आणि पुढील मृगांत तिफण पुन्हां चालते. आजारपणापायीं मात्र जमीनच गहाण पडते किंवा विकली जाते. मग पुढला मृग येऊन उपयोग काय?

या संकटांत सर्वांत अडचणीची स्थिति मध्यम शेतकऱ्याची असते. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबास सरकारी मदतीचा थोडाफार आधार मिळतो. धनिकास नाशिक व मुंबई दूर नाहींत. या दोहोंच्या मधला जो आठदहा एकरांचा धनी, त्यास गरीब म्हणून मदत मागतां येत नाहीं आणि श्रीमंत म्हणून खर्च सोसतां येत नाहीं. जळगांव व धुळें या दोन जिल्ह्यांत अशा कुटुंबांची संख्या मोठी आहे, आणि आमचे बहुतेक वाचक त्यांतीलच आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार कोणत्याहि पक्षाची बाजू न घेतां येथें करण्याचें योजिलें आहे.

शिधापत्रिकेचा रंग

१९९९ सालीं महाराष्ट्रांत तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न १ लक्ष रुपये वा अधिक, ज्याच्या घरीं चारचाकी वाहन, किंवा ज्याच्याकडे एकूण ४ हेक्टर वा अधिक बागायत जमीन, त्यास पांढरी पत्रिका. त्याहून खालच्यांस केशरी व पिवळी. ४ हेक्टर म्हणजे सुमारें १० एकर. रावेर-यावलकडे तीन भावांच्या एकत्र कुटुंबांत दहा एकर बागायत असणें ही कांहीं श्रीमंती नव्हे. वांटणी केली तर प्रत्येकाच्या वांट्यास सव्वातीन एकर येतात. शिवाय केळीच्या मालाची पट्टी आणि रोपें, ठिबक, खतें, मजुरी व विजेचें बिल वजा जातां हातीं उरलेली रक्कम यांतील अंतर वाचकांस आम्हीं सांगावयास नको. पत्रिकेचा रंग ठरवितांना पट्टी पाहिली जाते. दवाखान्यांत पैसे भरतांना मात्र उरलेलीच रक्कम कामास येते. बियाण्यापासून मजुरीपर्यंत सर्व भाव कितीतरी पटींनीं चढले, पण १ लक्षाची ती रेघ वर्षानुवर्षें जागची हलली नाहीं.

हा रंग केवळ धान्यापुरता असता तर त्याचें एवढें दुःख नव्हतें. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यांतील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळें जिल्हा होता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यास लागू झाली, तेव्हां जळगांव जिल्हाहि तींत आला. २०१७ सालीं तिला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हें नांव मिळालें. ठराविक मोठ्या आजारांसाठीं व शस्त्रक्रियांसाठीं दर कुटुंबास वर्षाकाठीं दीड लक्ष रुपयांपर्यंतचा खर्च तींतून होई. परंतु पात्रता ठरली ती पिवळ्या व केशरी पत्रिकेवर. पुढें तेव्हांचे औरंगाबाद व अमरावती हे दोन महसूल विभाग आणि वर्धा जिल्हा, अशा चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांसहि ती खुली करण्यांत आली. खानदेश त्या चौदांत नव्हता. मलकापूरचा शेतकरी बुलढाणा जिल्ह्यांतील म्हणून त्यास लाभ मिळे. शिवेच्या अलीकडील मुक्ताईनगर-बोदवडच्या शेतकऱ्यास, तीच काळी जमीन व तीच कपाशी असतांहि, तो मिळत नसे. त्या चौदा जिल्ह्यांस दिलें तें योग्यच झालें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आजार जिल्ह्याची हद्द पाहून येत नाहीं.

हा भेद अखेर दूर झाला, ही समाधानाची गोष्ट होय. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानें पत्रिकेचा रंग न पाहतां राज्यांतील सर्व कुटुंबांस ही योजना खुली झाली व संरक्षणाची रक्कम ५ लक्ष रुपये ठरली. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षें व त्यावरील वृद्धांस, उत्पन्न कितीहि असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेंतहि स्थान मिळालें. ज्या वाचकांच्या घरीं पांढरी पत्रिका आहे व "आपणांस कांहीं मिळत नाहीं" अशी जुनी समजूत अद्याप आहे, त्यांनीं ती टाकून द्यावी आणि घरांतील प्रत्येकाचें कार्ड निरोगी असतांनाच काढून ठेवावें. विहिरीस पाणी असतांनाच मोट दुरुस्त करावयाची असते.

योजनेनें भागत नाहीं तें काय

मात्र येवढ्यानें काम संपलें असें समजणें चुकीचें होईल. पीकविमा उतरविला म्हणून निंदणी-कोळपणी टळत नाहीं. विमायोजना लागते ती माणूस रुग्णालयांत दाखल झाल्यावर, आणि तीहि यादींतील आजारासाठीं व यादींतील रुग्णालयांत. मधुमेह व रक्तदाब यांच्या दरमहाच्या गोळ्या, तापाची तपासणी, लेंकराचा खोकला, दवाखान्यास जाण्यायेण्याचें भाडें व बुडालेला रोज, हा सर्व खर्च तिच्या बाहेर राहतो. भारतांत आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चांत लोकांच्या खिशांतून जाणारा वांटा २०१३-१४ सालीं शेंकडा ६४ होता. २०२१-२२ सालीं तो शेंकडा ३९ वर आला. सुधारणा खरी, पण शंभरांतील ३९ रुपये अजून घरांतूनच जात होते.

हा खर्च रोखण्याचें ठिकाण म्हणजे गांवाजवळचें प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याची कल्पना नवी नाहीं. १९४३ सालीं नेमलेल्या भोर समितीनें १९४६ च्या अहवालांत ती मांडली, आणि पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीहि उपचारावांचून राहूं नये हें तत्त्व सांगितलें. आज सपाटीवर ३०,००० वस्तीस एक केंद्र व ५,००० वस्तीस एक उपकेंद्र, तर डोंगरी व आदिवासी भागांत अनुक्रमें २०,००० व ३,००० वस्तीस एक, असें मान ठरलेलें आहे. २०११ च्या जनगणनेंत जळगांव जिल्ह्याची ग्रामीण वस्ती सुमारें २९ लक्ष व धुळें जिल्ह्याची सुमारें १५ लक्ष भरली. सातपुड्याच्या पायथ्याची सवलत बाजूस ठेविली, तरी त्या मानानें जळगांवास ९५ हून अधिक व धुळ्यास सुमारें ५० केंद्रें लागतात. त्यानंतरची जनगणना लांबली आणि वस्ती तर वाढतच गेली. वाचकांनीं आपल्या तालुक्याचा हिशेब स्वतः करून पाहावा. भागाकार सोपा आहे.

केंद्राची इमारत असणें आणि केंद्र चालणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सर्पदंशाचेंच उदाहरण घेऊं. पेरणीपासून कापणीपर्यंत नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांचा धोका शेतांत असतोच. या चारहि सर्पांच्या विषावर चालणारी एकच लस आहे. घोणस वा फुरशाचें विष रक्तांत भिनलें कीं नाहीं हें पाहण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. स्वच्छ व कोरड्या काचेच्या नळींत थोडें रक्त घेऊन तें २० मिनिटें न हलवितां ठेवावयाचें, आणि गोठलें नाहीं तर विषाचा अंमल झाला असें समजावयाचें. म्हणजे एक नळी, लशीच्या बाटल्या आणि रात्रीं जागेवर असणारा डॉक्टर, एवढ्यानें पुष्कळ प्राण वांचतात. नाग-मण्यारीच्या दंशांत श्वास बंद पडतो, तेथें कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयापर्यंत रोग्यास वेळेवर पोंचविणारी गाडी हवी. औषध फवारणीच्या विषबाधेची गोष्ट तशीच. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले; कपाशीचा आपला प्रदेश त्या धोक्यापासून मुक्त नाहीं.

सरकारकडे मागणें काय

पहिलें, वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा रिकामी राहूं नये, व त्यास केंद्राच्या आवारांत राहण्याजोगें घर, पाणी व वीज मिळावी. धुळ्यास १९८९ पासून व जळगांवास २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांच्या बंधपत्रित सेवेचें वर्ष प्रथम खानदेशांतील रिकाम्या केंद्रांवर खर्ची पडावें.

दुसरें, औषधांचा पुरवठा. तामिळनाडूनें १९९४ सालीं स्वतंत्र महामंडळ काढून एकत्र खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारें आणि प्रत्येक दवाखान्यास खातेपुस्तक अशी पद्धति बसविली. महाराष्ट्रानेंहि २०२३ सालीं कायद्यानें खरेदी प्राधिकरण स्थापिलें. तें काम करतें कीं नाहीं याची परीक्षा मुंबईंत होणार नाहीं. ती केंद्राच्या कपाटांत लस, गोळ्या व ॲट्रोपीन आहे कीं नाहीं यावर होईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळाली तर निःशुल्क या शब्दास अर्थ उरत नाहीं.

तिसरें, योजनेंतील रुग्णालयें तालुक्याच्या ठिकाणीं वाढावींत आणि जिल्ह्याची शीव आड येऊं नये. चाळीसगांवच्या रोग्यास जळगांवापेक्षां धुळें जवळ पडतें. सोय रस्ता पाहून व्हावी, नकाशावरील रेघ पाहून नव्हे.

चौथें, पैसा. राज्यांनीं आपल्या अंदाजपत्रकाचा शेंकडा ८ हून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा, असें २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें सांगितलें. महाराष्ट्र त्या मानापर्यंत पोंचलेला नाहीं. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास, मग तो कोणत्याहि पक्षाचा असो, हा आंकडा विचारावा.

आपलें काम

सरकारनें करावयाचें तें सांगितलें. आतां शेतकऱ्यानें करावयाचें सांगतों. केंद्राची रुग्ण कल्याण समिति व गांवची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिति कागदावर बहुतेक ठिकाणीं असते. तिची बैठक कधीं झाली, निधि कशावर खर्च झाला, लशीच्या बाटल्या किती शिल्लक आहेत व त्यांची मुदत कधीं संपते, हे चार प्रश्न ग्रामसभेंत विचारून उत्तर इतिवृत्तांत लिहून घ्यावें. सोसायटीच्या सभेंत आपण खतांच्या साठ्याचा हिशेब मागतों, त्यांत कोणास संकोच वाटत नाहीं. औषधाच्या साठ्याचा हिशेबहि तितक्याच सहजपणें मागतां आला पाहिजे.

जमीनदार म्हणविणाऱ्या कुटुंबानें सरकारी दवाखान्यांत जाणें कमीपणाचें आहे, ही समजूत आपल्यांत अजून टिकून आहे. ती सर्वांस महाग पडते. गांवांतील लिहिते-वाचते व वजनदार लोक ज्या केंद्राकडे पाठ फिरवितात, त्याच्या रिकाम्या कपाटाबद्दल विचारणारा कोणी उरत नाहीं. मग तें मजुरासहि उपयोगीं पडत नाहीं आणि अडल्या रात्रीं आपणांसहि पडत नाहीं. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवच्या दोन जाणत्या शेतकऱ्यांनीं आपल्या केंद्रांत जाऊन लस आहे काय येवढें जरी पाहून घेतलें, तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्हीं समजूं.