इंजिनाची भूक

लहान विमानाच्या इंजिनाची शक्ती वाढवायची म्हणजे त्याला अधिक पेट्रोल पुरवायचे, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक अडचण असते ती हवेची. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास त्याच्या सुमारे 15 पट वजनाची हवा लागते आणि सिलिंडरात मावेल तेवढीच हवा आत शिरते.

राइट बंधूंसाठी चार्ली टेलर या कारागिराने डेटन येथे घडविलेले, 1903 मध्ये उडालेले चार सिलिंडरांचे इंजिन सुरू होताच जवळजवळ 16 अश्वशक्ती देई; परंतु थोड्याच वेळात ती 12 वर घसरे. आत येणारी हवा तापलेल्या भागांवरून जाताना प्रसरण पावे, विरळ होई आणि सिलिंडरात तिचे वजन कमी भरे. त्या बंधूंनी हिशेब 8 अश्वशक्तीचाच धरला होता, हे सुदैवच म्हणायचे!

ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीच्या 912 या इंजिनाच्या मूळ नमुन्याची शक्ती 80 अश्वशक्ती आहे. तेवढ्याच आकारमानाच्या 914 मध्ये बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते व हवा दाबून आत भरते. त्यामुळे शक्ती 115 पर्यंत जाते. मात्र ती सलग पाच मिनिटेच वापरण्याची मुभा असते. त्यानंतर वैमानिकाला 100 वर उतरावे लागते.