एका शौचालयाचा हिशेब

सॅन फ्रान्सिस्कोच्या नोई व्हॅली भागातल्या चौकात एक सार्वजनिक शौचालय हवे होते. एकच, दीडशे चौरस फुटांचे. नळजोडणी आधीच झालेली. तरीही २०२२ साली खर्चाचा अंदाज निघाला १७ लाख डॉलर! पैसा राज्याच्या तिजोरीतला. पण तोही करदात्यांचाच. आराखडे, परवाने, कलाविषयक छाननी, नागरिकांच्या सूचना... प्रत्येक टप्प्यामागचा हेतू उदात्तच होता.

या शहरातले बहुसंख्य मतदार पुरोगामी विचारांचे. बेघरांना आधार, कामगारांना रास्त वेतन, हे त्यांना मान्यच आहे. पण २०२१ च्या आरंभी, कोविडमुळे शाळांना टाळे असताना, शिक्षण मंडळाने ४४ शाळांची नावे बदलण्याचा ठराव केला. तेव्हा याच मतदारांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये मंडळाच्या तीन सदस्यांना कौल घेऊन घरी पाठवले.

शौचालयाचे काय झाले? बोभाटा झाल्यावर एका कंपनीने तयार खोलीच दान दिली. मूळ अंदाजाच्या मानाने थोडक्यात काम भागले आणि एप्रिल २०२४ मध्ये ते खुले झाले.

उदात्त हेतूंची कितीही बेरीज केली, तरी तेवढ्याने दार उघडत नाही. करदात्याचे गाऱ्हाणे एवढेच आहे.