उसना श्वास : ब्लोअर बेंटलीची गोष्ट

लोहाराच्या भट्टीत कोळसा तोच असतो. भाता हलू लागला की आच वाढते. पेट्रोल इंजिनाचेही तसेच आहे. नुसते जास्त पेट्रोल ओतून ताकद वाढत नाही. ते जाळायला तेवढी हवा लागते. साधे इंजिन पिस्टनच्या ओढीने हवा घेते. सुपरचार्जर ती दाबून भरतो.

१९२०च्या दशकाअखेर इंग्लंडच्या बेंटली कंपनीत या भात्यावरून दोन मते पडली. संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली म्हणत, ताकद हवी तर इंजिन मोठे करा. शर्यतपटू टिम बर्किन यांना ४,३९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिनच आणखी पळवायचे होते. ॲमहर्स्ट व्हिलिअर्स यांनी सुपरचार्जर रचला. डोरोथी पॅजेट यांनी पैसा पुरवला.

हा भाता रेडिएटरच्या पुढे बसे आणि क्रँकशाफ्टवर चाले. त्यात डमरूच्या आकाराचे दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरत आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण इंजिनात रेटत. शर्यतीच्या गाडीची ताकद सुमारे १३० अश्वशक्तीवरून २४०पर्यंत गेली.

पण सायकलचा पंप मारताना नळी तापते, तसे दाबलेले मिश्रणही तापते. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच त्याचा काही भाग भडकला, तर इंजिन ठोके देऊ लागते; पिस्टन वितळूही शकतो. म्हणून अशा इंजिनात सिलिंडरमधले आकुंचनाचे प्रमाण कमी ठेवतात, ठिणगी किंचित उशिरा पाडतात आणि मिश्रणात पेट्रोल वाढवतात, कारण बाष्प होताना ते उष्णता शोषते. साहजिकच गाडी पेट्रोल पिते. शिवाय भाता फिरवायची ताकदही इंजिनालाच द्यावी लागते. ट्यूनिंग म्हणजे या साऱ्या देण्याघेण्याचा ताळेबंद.

१९३०च्या ल माँ शर्यतीत बर्किननी काराचिओलांच्या मर्सिडीजचा जिवावर उदार होऊन पाठलाग केला. मर्सिडीजचा सुपरचार्जर पेडल तळाशी दाबले तरच जोडला जाई. बेंटलीचा सतत फिरे. मर्सिडीज बाद झाली आणि दोन्ही ब्लोअरही. जिंकली ती साडेसहा लिटरची, सुपरचार्जर नसलेली बेंटली.

मग बर्किन चुकले का? त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रां प्रीत ते दुसरे आले. १९३२मध्ये ब्रुकलँड्सवर त्यांच्या एकआसनी ब्लोअरने ताशी सुमारे २२२ किलोमीटर वेगाने विक्रमी फेरी मारली. ती फेरी सव्वा मिनिटाच्या आत संपली होती. ल माँची शर्यत चोवीस तासांची असते.