वर्गमैत्रिणीचा फोन

आमची नर्सिंगची बॅच बाहेर पडून २० वर्षं उलटली. एक घणसोलीत, एक दिघ्यात, एक पार नांदेडला. तरी रविवारी फोन ठरलेला.

मागच्या वर्षी दिघ्याच्या मैत्रिणीची जीभ फोनवर जड वाटली. "झोप झाली नाही गं," म्हणाली. पण ३ वर्षं हॉस्टेलच्या एका खोलीत काढलेली. तिचा झोपेतला आवाज मला पाठ आहे! शेजारणीला धाडलं. तोंड वाकडं, एक हात उचलत नव्हता. लकवा.

मेंदूच्या नसेत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सिटी स्कॅन झाल्यावर. म्हणून तेल चोळत बसू नका, १०८ लावा.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ पासून आपल्या विद्यार्थ्यांची, पुढं बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांचीही आयुष्यभर नोंद ठेवली. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची, ते ऐंशीत जास्त निरोगी दिसले.

आपल्या बायकांचं लग्नानंतर आडनाव बदलतं, नंबर बदलतो, मैत्रिणी तिथंच सुटतात. जुन्या वहीतला एखादा नंबर लावून बघा. लागला, तर बीपीची गोळी चालू आहे का तेही विचारा.