आश्रयगृहाच्या नांवानें चालणारा कुत्र्यांचा व्यापार

शेताच्या व खळ्याच्या राखणीस कुत्रें बाळगण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वीं शेजारच्या वाडीवरून पिलूं आणीत. त्याची आई कशी आहे हें गांवाला ठाऊक असे, त्यामुळें फसवणुकीस जागा नसे. अलीकडे पुष्कळ लोक मोबाईलवरील जाहिरात पाहून शहरांतून कुत्रें आणवितात. ‘मालकानें टाकून दिलेलें अल्सेशियनचें पिलूं आम्हीं वांचविलें आहे, चांगल्या घरीं दत्तक द्यावयाचें असून केवळ खर्च घेऊं,’ अशी भाषा त्यांत असते. टाकलेल्या कुत्र्यांना आश्रय देणाऱ्या संस्था खरोखर आहेत व त्यांचें काम स्तुत्य आहे. परंतु त्यांच्या नांवाआड पिलांचा व्यापार करणारेही आहेत.

व्यापाऱ्यानें हें सोंग कां घ्यावें? याचा चांगला दाखला अमेरिकेंत सांपडतो. पिंजऱ्यांत कोंडून कुत्र्यांची पैदास करणाऱ्या धंद्यास आळा बसावा म्हणून कॅलिफोर्निया राज्यानें १ जानेवारी २०१९ पासून असा निर्बंध घातला कीं, दुकानदारानें आश्रयगृहांकडून किंवा अशा रक्षक संस्थांकडून आलेलींच कुत्रीं विकावींत. व्यापाऱ्यांनीं लगेच पळवाट काढली. मक्याच्या पिकाबद्दल प्रसिद्ध असलेल्या आयोवा राज्याच्या सरकारी मुख्य वकिलानें त्याच वर्षीं दोन ‘रक्षक’ संस्थांवर व त्यांच्या मागील व्यापाऱ्यांवर दावा लावला. पैदासकारांकडील पिलें कागदोपत्रीं ‘वांचविलेलीं’ दाखवून परराज्यांत धाडलीं जातात, असा आरोप होता. २०२० सालीं तडजोड होऊन त्या संस्था बंद करण्याचें ठरलें. आणि २०२१ पासून कॅलिफोर्नियानें दुकानांतील कुत्र्यांची विक्रीच बंद केली.

आपल्या देशांत २०१७ च्या नियमांप्रमाणें पैदासकारानें राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, व आठ आठवड्यांहून लहान पिलूं विकतां येत नाहीं. ‘विक्री नव्हे, दत्तक’ असें म्हटलें कीं नोंदणीचा प्रश्न टळतो, पावती द्यावी लागत नाहीं, आणि दयेच्या कामांत घासाघीस करण्यास घेणाराही लाजतो.

हें सोंग ओळखण्याच्या खुणा आहेत. खऱ्या आश्रयगृहांत म्हातारीं, लंगडीं, गांवठी अशीं सर्व प्रकारचीं कुत्रीं असतात. जेथें बारा महिने एकाच वयाचीं जातिवंत पिलेंच मिळतात, तेथें तीं कोणी टाकलेलीं नसून पैदा केलेलीं आहेत असें समजावें. खरी संस्था घेणाऱ्याचीच चौकशी करते : घरीं कोण असतें, कुत्रें बांधून ठेवणार कीं काय, पूर्वींच्या कुत्र्याचें काय झालें. ती मोठ्या कुत्र्याची नसबंदी करून देते, आणि न जमल्यास तें परत घेते. व्यापारी यांपैकीं कांहीं विचारीत नाहीं; तो जातीप्रमाणें ‘खर्चाचा’ आंकडा सांगतो, जागा दाखविण्याचें टाळून रस्त्यांत पिलूं हातीं देतो, आणि आगाऊ रकमेची घाई करतो. न पाहिलेल्या पिलाकरितां वाहतुकीचे पैसे मागणाऱ्याजवळ बहुधा पिलूंच नसतें.

बैल घेतांना आपण दात पाहतों, पिलाचेही पाहावेत. कुत्र्याचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास निघूं लागतात व आठव्याच्या सुमारास बहुतेक सर्व, म्हणजे २८, येतात. अडीच महिन्यांच्या म्हणून दिलेल्या पिलाच्या दाढा अर्ध्याच असतील, तर तें आईपासून फार लौकर तोडलेलें असावें. लसीचें पुस्तक मागून त्यावर पशुवैद्याची सही, नोंदणी क्रमांक व लसीचें लेबल पाहावें. पिसाळरोगाची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयास टोंचतात. दीड महिन्याच्या पिलाच्या पुस्तकांत तिची नोंद दिसल्यास पुस्तकाचाच संशय धरावा. हा रोग माणसास जडून लक्षणें उमटलीं म्हणजे बहुधा उपाय उरत नाहीं. म्हणून खोट्या नोंदीवर भिस्त ठेवून घरांतील मुलांचा जीव धोक्यांत घालूं नये.

पार्व्हो नांवाचा आंतड्यांचा रोग दाटीवाटीच्या जागीं झपाट्यानें पसरतो. लागण झाल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांनीं ओकाऱ्या व हगवण सुरू होते, पुष्कळदां रक्तही पडतें. त्यामुळें घेतेवेळीं धडधाकट दिसलेलें पिलूं आठवड्याभरांत दगावूं शकतें. तोंवर दूरध्वनी बंद झालेला असतो. म्हणून पैसे देण्यापूर्वीं पिलूं पशुवैद्याकडून तपासून घ्यावें. या अटीस जो नकार देईल, त्याच्याशीं व्यवहार करूं नये.

कित्येक म्हणतात, ‘फसलों तरी एका मुक्या जिवाची सुटका झाली.’ हा भ्रम आहे. तें पिलूं सुटतें, पण त्याची आई पिंजऱ्यांतच राहते. आणि आपण दिलेल्या पैशांनीं व्यापाऱ्यास तिचें पुढचें वेत काढण्यास उत्तेजन मिळतें. दया करावयाची तर ज्या जागेंत आपणांस आंत जाऊन पाहूं देतात तेथेंच करावी. नाहीं तर शेजारच्या वाडीवरचें गांवठी पिलूं राखणीस पुरेसें आहे.