चार रात्री, दोन सहली आणि स्पेनचे ऊन

परदेशी राहणाऱ्या मुलाकडे तीन महिने जाऊन येणे ही आता आपल्याकडच्या निवृत्त माणसांची काशीयात्राच झाली आहे. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही आळीत जा, या यात्रेचे फोटो दाखवायला कोणीतरी टपून बसलेले भेटतेच. मात्र ही मंडळी बहुधा मे-जूनमध्ये जातात. आम्ही उभयता निघालो ते २०२४ च्या डिसेंबरात, कारण नातीचा चौथा वाढदिवस नाताळच्या तोंडावर येतो. मुक्काम जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरी.

तिथला हिवाळा थंडीने फारसा छळत नाही. घरे चांगली उबदार असतात. छळतो तो अंधार. सकाळी सव्वाआठपर्यंत सूर्याचा पत्ता नसतो आणि दुपारी साडेचारला तो मावळलेला असतो. मधल्या वेळातही बहुधा ढगांचे पांघरूण घेऊनच फिरतो. आमच्या सौ.ला जन्मभर सकाळच्या उन्हात बसून तांदूळ निवडायची सवय. पहिला आठवडा नातीच्या कौतुकात गेला. दुसऱ्या आठवड्यात तिचे बोलणे कमी झाले. तिसऱ्यात ती दुपारीही अंथरुणावर पडून राहू लागली. शेवटी एके दिवशी नातीला वरणभात भरवता भरवता ती शांतपणे म्हणाली, "अहो, माझं परतीचं तिकीट अलीकडे करून मिळतं का, बघता का जरा?"

चिरंजीव काहीच बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. दोन वर्षे ते आमची वाट पाहत होते. त्या रात्री सूनबाईने तोड काढली. "ऊन इथे येत नाही, तर आपणच उन्हाकडे जाऊ." दोघांना जानेवारीत तीन दिवसांची रजा मिळत होती, शनिवार-रविवार जोडून पाच दिवस आणि चार रात्री. बेत आखायचे काम माझ्या गळ्यात पडले. कारणे दोन. एक तर घरात भरपूर वेळ असलेला मी एकटाच. आणि दुसरे, पस्तीस वर्षे रेल्वेत काढल्यामुळे वेळापत्रक हेच माझे आवडते वाङ्मय!

गाव कोणते?

स्पेनला जायचे यावर एकमत होते. पण स्पेन म्हणजे काही एक गाव नव्हे. मी कागदावर चार अटी लिहिल्या : ऊन हवे; मुक्काम एकाच ठिकाणी हवा, रोज बोचकी बांधणे नको; सहलीची गावे आगगाडीने दोन तासांच्या आत हवीत; आणि सौ.च्या गुडघ्यांना सोसेल अशी सपाट जमीन हवी.

पहिले नाव अर्थातच माद्रिद. तिथून तोलेदो आणि सेगोव्हिया ही दोन्ही जुनी गावे जलद गाडीने अर्ध्या तासावर आहेत. सहलींसाठी याहून सोयीचे ठिकाण नाही. पण माद्रिद साडेसहाशे मीटर उंचीच्या पठारावर. जानेवारीत तिथली सकाळ गोठणबिंदूच्या आसपास घुटमळते. शिवाय तोलेदो पडते टेकडीवर. बार्सिलोना चिरंजीवांनी कचेरीच्या कामानिमित्त पाहिले होते. ग्रानादाच्या मागे तर सिएरा नेवादाचे बर्फाच्छादित डोंगरच उभे. राहिले दक्षिणेकडचे सेव्हिल. तिथले लोक त्याला सेविया म्हणतात.

सेव्हिलचे सगळे हिशेब जुळत होते. गाव ग्वादल्किविर नदीकाठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच, तळहातासारखे सपाट. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो, पण जानेवारीत दुपारचे तपमान सरासरी सोळा अंश असते. आपल्या पुण्यातली डिसेंबरची पहाट समजा, फक्त वर ऊन पडलेले. आणि एक गंमत घड्याळाची. स्पेन नकाशावर इंग्लंडइतका पश्चिमेला असूनही १९४० पासून त्याचे घड्याळ जर्मनीच्या घड्याळाबरोबर चालते. त्यामुळे सेव्हिलला सूर्य उगवतो साडेआठच्या पुढे, पण मावळतो सहा वाजून गेल्यावर. म्हणजे श्टुटगार्टला दिवे लागतात, त्यानंतर तिथे दीड तासाहून अधिक उजेड शिल्लक! सौ.ला हे सांगितले तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर करून पाहिले.

तारखा आणि कागदपत्रे

तारखा निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्पेनचा नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही. ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो. मुलांना खऱ्या भेटी त्या दिवशी मिळतात आणि आदल्या संध्याकाळी गावोगाव मिरवणुका निघतात. तो थाट पाहायचा तर त्याच वेळी जावे. स्वस्ताई आणि शांतता हवी असेल तर तो उलटू द्यावा. आम्ही बुधवार ८ जानेवारी ते रविवार १२ जानेवारी हे दिवस धरले.

आम्हां दोघांचा व्हिसा जर्मनीचा. तो स्पेनला चालेल का, अशी सौ.ला धास्ती. पण शेन्गेन कराराचा व्हिसा एकोणतीस देशांना मिळून एकच असतो. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत या देशांत कुठेही फिरता येते. अर्ज मात्र जिथे मुख्य मुक्काम, त्या देशाकडेच करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. सोबत किमान तीस हजार युरोंचा प्रवास-विमा लागतो. मुलाकडे जाणाऱ्यांनी हा विमा सगळ्या शेन्गेन देशांसाठी आहे, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्यावे.

मुक्कामाची जागा शोधताना मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : खोली तापवायची सोय आहे का? दक्षिण स्पेनची घरे बांधली आहेत ती उन्हाळ्याशी लढायला. जाड भिंती, अरुंद गल्ल्या, फरशीची थंडगार जमीन. जुलैत हे सगळे वरदान. जानेवारीच्या रात्री मात्र पाय ठेववत नाही. लिफ्टची चौकशीही तेव्हाच केली.

एक दिवस धावपळ, एक दिवस आराम

आता सहली. सूनबाईची एकच मागणी होती : ग्रानादाचा आलांब्रा राजवाडा. कॉलेजात असल्यापासून तिने त्याची चित्रे जपली होती. मी वेळापत्रक मांडून बसलो. सेव्हिलहून ग्रानादा जलद गाडीनेही अडीच तासांच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन पाच तास. तिकिटे नावानिशी आणि पासपोर्टच्या क्रमांकासह काढायची. आतल्या नास्रिद महालात शिरायची वेळ ठरलेली. ती हुकली की प्रवेश नाही. त्यातून चढण, आणि बरोबर चार वर्षांचे पोर व अडुसष्ट वर्षांचे गुडघे. सूनबाईने तो कागद वाचला आणि स्वतःच आलांब्रावर काट मारली. "तिथे दोन रात्री राहायलाच जाईन कधीतरी," म्हणाली. बेत आखताना काय पाहायचे हे ठरवणे सोपे असते. काय सोडायचे हे ठरवताना कोणाच्या तरी मनाला लागतेच. म्हणून काट ज्याची त्याने मारलेली बरी.

त्याऐवजी दोन गावे धरली : कोर्दोबा आणि कादिस. रुळांची जात दोन्हीकडे निराळी. कोर्दोबाला जाते ती जलद गाडी. माद्रिद-सेव्हिल हा स्पेनचा पहिला जलद मार्ग १९९२ साली सुरू झाला. त्याचे रूळ युरोपच्या मापाचे, म्हणजे १४३५ मिलिमीटर. कादिसला जाणारी गाडी मात्र जुन्या स्पॅनिश ब्रॉडगेजवरून धावते. तिचे माप १६६८ मिलिमीटर; आपल्या भारतीय ब्रॉडगेजहून फक्त आठ मिलिमीटर कमी! परक्या मुलखात आठ मिलिमीटरच्या अंतरावर नातेवाईक भेटल्याचा आनंद मला झाला. घरात इतर कोणाला झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

व्यवहाराची बाब अशी, की जलद गाडीची तिकिटे लवकर काढली तर स्वस्त पडतात, आणि फलाटावर जाण्याआधी सामान यंत्रातून तपासतात. तेव्हा थोडे आधी पोहोचावे. कादिसच्या साध्या गाडीचे भाडे शेवटपर्यंत तेच राहते. म्हणून कोर्दोबाचा गुरुवार आधी पक्का केला आणि कादिसचा शनिवार मोकळा ठेवला. दक्षिण स्पेनमध्ये पाऊस येतो तो हिवाळ्यातच. आदल्या रात्री आभाळ पाहून ठरवायचे. पाऊस असला तर सेव्हिलमध्येच छपराखाली पाहण्याजोगे पुष्कळ आहे. मधला शुक्रवार आरामाचा.

प्रत्यक्ष काय पाहिले

कोर्दोबा पाऊण तासात आले. तिथली मशीद बांधायला ७८५ च्या सुमारास सुरुवात झाली आणि पुढची दोनशे वर्षे ती वाढत गेली. आत आजही ८५६ खांब उभे आहेत. कितीतरी खांब जुन्या रोमन इमारतींतून आणलेले, म्हणून उंचीला कमी. मग छत वर नेण्यासाठी कमानीवर कमान चढवली. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या कमानी पाहत चालताना केळीच्या बागेतून चालल्यासारखे वाटते. १२३६ साली गाव ख्रिस्ती राजाकडे गेले, मशिदीचे चर्च झाले, आणि सोळाव्या शतकात ऐन मध्यावर कॅथेड्रलचे उंच दालन उभे राहिले. एकाच छपराखाली दोन धर्मांची वास्तू. चांगले की वाईट, यावर चिरंजीव आणि सूनबाई गाडीत बसेपर्यंत वाद घालत होती.

सौ. मात्र बाहेरच्या चौकात संत्र्याच्या झाडांखाली बसली होती. तोंडावर ऊन घेऊन, डोळे मिटून, चांगला तासभर. कोर्दोबा काय नि सेव्हिल काय, जानेवारीत रस्तोरस्ती ही झाडे नारिंगी फळांनी लगडलेली असतात. फळ कडू आणि आंबट. हाताने सोलून खाण्याचे नव्हे. इंग्रजांचा प्रसिद्ध मार्मलेड होतो तो याच सेव्हिली संत्र्यांचा. त्याला स्पॅनिश शब्द 'नारांखा'. आपला 'नारंग' इराणात गेला, तिथून अरबांबरोबर स्पेनला पोहोचला. हे ऐकून सौ. म्हणाली, "मग साखरांबा होईल की याचा!" गेल्या तीन आठवड्यांत तिने स्वयंपाकातले काही काढल्याचे मला आठवत नव्हते.

शुक्रवारी सेव्हिल. आल्कासार राजवाड्याची वेळेची तिकिटे घरूनच काढली होती. चौदाव्या शतकात ख्रिस्ती राजा पेद्रो याने मुसलमान कारागिरांच्या धाटणीत बांधवलेला हा महाल पाहून सूनबाईचे आलांब्राचे दुःख निम्म्याने हलके झाले. शेजारच्या कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा मूळचा बाराव्या शतकातला मशिदीचा मिनार. त्याची उंची शंभर मीटरांहून अधिक, पण आत जिना नाही. वळत वळत जाणाऱ्या चढाच्या पस्तीस वाटा आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून ही सोय, असे सांगतात. पायऱ्या आहेत त्या अगदी शेवटी, थोड्याशा. सौ. दर चार वळणांवर खिडकीशी थांबली, पण वर पोहोचली!

शनिवारी आभाळ निरभ्र. कादिसला पावणेदोन तास लागले. फिनिशियन दर्यावर्दींनी वसवलेले हे गाव पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या नांदत्या गावांपैकी. तिन्ही बाजूंनी अटलांटिक समुद्र, आणि स्टेशन जुन्या गावाच्या दारातच. नात वाळूत खेळली. आम्ही भिंतीवर बसून शेंगदाणे खाल्ले. रविवारी सकाळी १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लासा दे एस्पान्या पाहिला आणि विमानतळ गाठला.

शाकाहारी पोटासाठी

जेवणाची वेळ दुपारी दोनची आणि रात्री साडेआठ-नऊची. नातीसाठी खाऊचा डबा बरोबर लागतो. सेव्हिलची खासियत म्हणजे पालक आणि छोले. चक्क जिऱ्याचा वास येतो. कोर्दोबाला वांग्याचे तळलेले काप काकवीसारखा पाक घालून देतात. पण कशावरही हॅमचे तुकडे भुरभुरायची चाल आहे, तेव्हा 'सिन हामोन, सिन कार्ने, सिन पेस्कादो' हा मंत्र पाठ करावा : हॅम नको, मांस नको, मासे नको.

चार दिवसांच्या उन्हाने युरोपचा हिवाळा काही संपत नाही. परतल्यावर श्टुटगार्ट तसेच काळोखे होते. पण सौ. रोज दुपारी नातीला घेऊन, ऊन असो-नसो, तासभर बाहेर पडू लागली. तिकीट बदलले नाही. फेब्रुवारीअखेर ठरल्या दिवशीच आम्ही निघालो, आणि सामानात साखरांब्याच्या दोन बाटल्या होत्या.

वाचकांपैकी कोणी हिवाळ्यात मुलांकडे जाणार असतील, तर त्यांना माझे एवढेच सांगणे. गरम कपड्यांची यादी करता तशी उजेडाचीही तरतूद करा. मुक्कामाच्या मधोमध चार रात्री दक्षिणेसाठी राखून ठेवा. बेत घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या पायांनी आखा. आणि एक दिवस मोकळा सोडा. बाकीचे वेळापत्रक रेल्वे सांभाळते.