पाणी शोधतं वाट, तार शोधते वाट

'दारं धरणं' म्हणजे काय, सांगा बरं? घराचं दार हाताने धरून उभं राहणं नव्हे हं! आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शेताला पाणी देणाऱ्या कुणालाही विचारा. पाटाचं पाणी वाफ्यात सोडायचं, वाफा भरला की फावड्याने माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. याला म्हणतात दारं धरणं.

आमचं शेत लोणीजवळ आहे. तिकडे अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. तिथून सोडलेलं पाणी नदीतून संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. बंधाऱ्यापासून एक कालवा डावीकडे निघतो, एक उजवीकडे. डाव्या कालव्याचं पाणी चारीने, पोटचारीने पळत पळत आमच्या उसापर्यंत पोहोचतं. हे सगळं मी का सांगतोय? कारण मागच्या मे महिन्यात याच पाण्याने आम्हाला एक भलतंच कोडं सोडवून दिलं.

माझ्या दोन्ही भाच्या सुट्टीला मामाच्या गावाला आल्या होत्या. थोरली इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकते, धाकटी पाचवीत गेली. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, विहिरीजवळच्या खांबावर वीज पडली आणि मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारी पेटी जळाली. नवी पेटी बसली आणि जुनी धाकटीच्या ताब्यात गेली. तिने चार स्क्रू काढले, झाकण उचललं. आत होती एक हिरवी पाटी.

ती पाटी डोळ्यांजवळ नेऊन बघण्यासारखी होती. हिरव्या रंगाखाली शेकडो बारीक रेषा. काही शेवयांपेक्षाही बारीक, दोन-तीन मात्र बोटभर रुंद. वळताना कुठलीच रेषा काटकोनात वळत नव्हती, कोपरा छाटल्यासारखी तिरकी जात होती. मधेच एखादी रेषा टाचणीच्या टोकाएवढ्या भोकापाशी येऊन गुडूप! पाटी उलटी केली, तर ती त्याच भोकातून मागच्या बाजूला निघून पुढे चाललेली.

"मामा, ही नक्षी कोणी काढली?"

"ही नक्षी नाही गं, या तारा आहेत," मी म्हटलं. "तांब्याच्या."

या पाटीला पीसीबी म्हणतात आणि रेषेला ट्रॅक. त्यातलं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाड असतं, म्हणजे तुमच्या केसाच्या जाडीच्या जवळपास निम्मं. पूर्वी रेडिओच्या पोटात खऱ्याखुऱ्या तारा असायच्या, एकेक हाताने डाग देऊन जोडलेल्या. व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लर या इंजिनिअरने १९३६ साली लंडनमध्ये छापील तारांचा रेडिओ बनवला, आणि तारांच्या जागी या रेषा आल्या.

पण रेषा आल्या तसा एक कडक नियमही आला. रबराचं आवरण असलेली तार दुसरीवरून खुशाल जाऊ शकते. उघड्या तांब्याच्या दोन रेषा एकमेकींना नुसत्या चिकटल्या तरी शॉर्ट सर्किट! मग एवढ्याशा पाटीवर शेकडो रेषा एकमेकींना न शिवता न्यायच्या कशा?

थोरलीने लॅपटॉप उघडला. त्यात किकॅड नावाचं सॉफ्टवेअर होतं. फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारास यांनी ते १९९२ साली सुरू केलं, आणि ते कुणालाही फुकट वापरता येतं. पडद्यावर तिच्या कॉलेजच्या प्रकल्पाची पाटी होती. भाग मांडून झालेले, पण ट्रॅक अगदी मोजकेच. कुठलं टोक कुठल्या टोकाला जोडायचं ते सांगणाऱ्या बारीक रेघा मात्र एकमेकींवरून कशाही गेलेल्या. या गुंत्याचं इंग्रजी नाव आहे रॅट्सनेस्ट, म्हणजे उंदराचं घरटं! धाकटी हे ऐकून खूश झाली.

मग थोरलीने ते काम फ्रीराउटिंग नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवलं आणि बटण दाबलं. सरसर सरसर ट्रॅक उमटू लागले. कुणी हात लावत नव्हतं, तरी ते वळत होते, वळसे घालत होते. याला म्हणतात ऑटोराउटिंग.

"पण त्याला वाट कळते कशी?" धाकटीचा प्रश्न.

इथे आजोबा बोलले. ते नुकतेच दारं धरून आले होते, पाय अजून चिखलाने माखलेले. "पाण्याला कशी कळते? त्याला कुठं डोळे आहेत? ते सगळीकडं पसरतं. जिथं वाट असंल तिथं पोचतं."

मी उडालोच! कारण संगणकाला वाट शोधायला शिकवणारी सर्वांत गाजलेली रीत अगदी अशीच आहे. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या सी. वाय. ली यांनी ती १९६१ साली प्रसिद्ध केली. त्याच प्रयोगशाळेतल्या एडवर्ड मूर यांनी १९५९ साली भूलभुलैयातून सर्वांत जवळची वाट काढायची अशीच युक्ती मांडली होती. आजची सॉफ्टवेअर ही रीत पुष्कळ सुधारणा करून वापरतात, पण मूळ गंमत तीच.

चला, करूनच बघू. गणिताची चौकटीची वही घ्या. आडवी पाच, उभी पाच अशी २५ घरं आखा. मधल्या ओळीचं पहिलं घर म्हणजे विहीर, तिथे ० लिहा. त्याच ओळीचं शेवटचं घर म्हणजे ऊस. आता बरोबर मधल्या उभ्या रांगेतली मधली तीन घरं काळी करा. हा झाला बांध, यातून पाणी जात नाही. आता पाणी सोडा! शून्याला वर, खाली, डावी-उजवीकडे चिकटलेल्या रिकाम्या घरांत १ लिहा. एकला चिकटलेल्या रिकाम्या घरांत २. मग ३, मग ४. तिरकं जायचं नाही. आकडे बांधाला धडकतील, वरून आणि खालून वळसा घालतील आणि शेवटी उसाच्या घरात येईल ८. बांध नसता तर ४ आला असता.

आता उलटं चाला. ८ वरून शेजारच्या ७ वर, तिथून ६, ५, ४... थेट शून्यावर. झाला तुमचा ट्रॅक! वाट असेल तर या रीतीने ती सापडतेच, आणि सापडते ती सर्वांत जवळची. मला ही रीत फार आवडते. तिच्यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त आहे, आणि तीही पाण्याची.

चिकाटी मात्र केवढी लागते बघा. १० सेंटिमीटर लांब-रुंद पाटीवर ०.१ मिलिमीटरची घरं आखली तर एका बाजूला १० लाख घरं होतात. ली यांच्या काळातला बलाढ्य संगणक, आयबीएम ७०९०, त्याच्या स्मृतीत जागा होत्या ३२,७६८!

पडद्यावर काम चाललं होतं आणि मधेच ते अडलं. एका तारेला जायला वाटच उरली नाही. आधीच्या तारांनी चांगल्या वाटा अडवून ठेवल्या होत्या. आजोबांना हे सांगावं लागलं नाही. चारीच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याला भरपूर पाणी, आणि शेपटाकडचा शेतकरी वाट बघत बसतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. सॉफ्टवेअर यावर काय करतं? वाट अडवणारा ट्रॅक सरळ उखडतं, अडलेल्याला आधी जाऊ देतं आणि उखडलेल्यासाठी नवी वाट शोधतं. पुन्हा अडलं तर पुन्हा उखडतं. एवढं कष्टाने आखलेलं मोडायला त्याला जराही वाईट वाटत नाही.

तरीही एक तार राहिलीच. थोरलीने यंत्र थांबवलं, एक चिप पाव वळसा फिरवली आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी सगळ्या तारा जुळल्या. चिपचे पाय आता योग्य दिशेला आले होते ना! भाग कुठे आणि कसे मांडायचे हे माणूस ठरवतो, आणि ते चुकलं तर यंत्र बिचारं वळसेच घालत बसतं. शिवाय जास्त विजेचा ट्रॅक रुंद हवा, नाजूक संदेशाचा आखूड हवा, हे सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. म्हणून महत्त्वाचे ट्रॅक थोरलीने आधीच स्वतः आखून ठेवले होते.

आणि ती भोकं? कालव्याच्या वाटेत ओढा आला तर काय करतात? ओढ्यावरून पूल बांधून पाणी नेतात, त्याला जलसेतू म्हणतात. पाटीवरचा जलसेतू म्हणजे ते भोक. त्याला म्हणतात व्हाया. आतून तांब्याचा मुलामा दिलेला असतो, म्हणून वीज त्यातून पलीकडच्या बाजूला उतरते.

भोकाशिवाय चालतच नाही, हे धाकटीला पटेना. मग तिला मी एक कागद दिला. त्यावर चौकोन काढला. डाव्या कडेवर आणि उजव्या कडेवर एकेक लाल ठिपका, वरच्या कडेवर आणि खालच्या कडेवर एकेक निळा. लाल लालला जोड, निळा निळ्याला जोड. चौकोनाबाहेर जायचं नाही आणि रेषा छेदायच्या नाहीत. तिने चार कागद संपवले. तुम्हीही करून बघा. दमलात की एक टाचणी घ्या, लाल रेषेच्या अलीकडे एक भोक पाडा, पलीकडे दुसरं, आणि कागद उलटा करा.